फळ टिकवा, पण बी मोजा

मराठवाड्यातल्या द्राक्षबागायतदाराला जिब्रेलिक ॲसिड (जीए) हे संजीवक नवं नाही. घड 'जीए'त बुडवणं हे त्याचं नेहमीचं काम. मात्र गुलाबाच्या संकरात तेच जीए वापरा म्हटलं की आक्षेप येतो : फळ फुगतं, आत बी नसतं, हा निव्वळ भुलावा आहे.

आक्षेपाला आधार आहे. 1959 साली प्रॉसर आणि जॅक्सन यांनी रोझा आर्वेन्सिस या रानगुलाबात परागाशिवाय, केवळ जिब्रेलिक ॲसिडने फळं धरवून दाखवली. थॉमसन सीडलेस द्राक्षात बी नकोच असतं; नवा गुलाब घडवणाऱ्याला तर बीच हवं. पण तेवढ्यावरून संजीवक टाकाऊ ठरवणं चूक आहे. त्या प्रयोगात फलनच नव्हतं. आपलं दुखणं निराळं : पराग रुजतो, फलन होतं, आणि तरीही फळ कोवळेपणीच पिवळं पडून गळतं. वाढणारं बी स्वतः संजीवकं तयार करतं, त्यांच्या बळावर फळ देठाला टिकतं. दूरच्या संकरात दोन-चारच बिया धरतात आणि हे बळ कमी पडतं. ती तूट बाहेरून भरली, तर फळ पिकायला लागणारे साधारण चार महिने निभावण्याची शक्यता वाढते.

'औषधाने वाण बिघडतं' हा दुसरा आक्षेप तर टिकतच नाही. आई-बापाचे गुण फलनाच्या क्षणीच एकत्र येतात. नंतर देठाशी लावलेलं जीएचं मलम ते बदलत नाही.

पण जीए लावलं की कोणताही संकर साधतो, असं सांगणारेही तितकेच चुकतात. 14 गुणसूत्रांचा रानगुलाब आणि 28 गुणसूत्रांचा हायब्रिड टी गुलाब यांची 21 गुणसूत्रांची संतती बहुधा वांझ निघते. तिथे संजीवक हतबल आहे. संभाजीनगरच्या मे महिन्यात चाळिशीच्या उन्हाने मेलेला परागही ते जिवंत करत नाही.

तरी हा खटाटोप करायलाच हवा. कोडाईकनालच्या वीरराघवन यांनी रोझा क्लिनोफिला या भारतीय रानगुलाबापासून उष्ण हवेचे गुलाब घडवायचा मार्ग धरला. आपल्या उन्हाला असेच गुलाब हवेत, आणि अशा संकरात एकेक बी मोलाचं असतं.

म्हणून संकर दिवाळीनंतरच्या थंडीत करा. निम्म्या फुलांनाच जीए लावा, निम्मी तशीच ठेवा, आणि यश फळांवर नव्हे, उगवलेल्या रोपांवर मोजा. हिमायतबागेतलं फळ संशोधन केंद्र आणि शहरातले गुलाबप्रेमी यांनी मिळून हे काम याच हिवाळ्यात हाती घ्यावं आणि त्याचे आकडे मराठीत छापावेत.