व्हिन्सचा सिनेमा पाहिलाय कुणी?

'आँटुराज'चे आठही सीझन मी इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर पाहिले, या खोलीतून त्या खोलीत फिरणाऱ्या एका हार्ड डिस्कवरून. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधून हॉलिवूडला आलेली चार पोरं. व्हिन्स स्टार, बाकीचे त्याच्या जिवावर. आम्हीही खोलीत चौघंच. आपल्यातला व्हिन्स कोण आणि टर्टल कोण, यावरून भांडणं व्हायची. त्यामुळे २०१५मध्ये आलेला या मालिकेचा सिनेमा खोटा आहे, हे कबूल करायला मला फार वेळ लागला.

'मालिकेचाच लांबवलेला एपिसोड' ही त्यावरची नेहमीची तक्रार. मला ती पटत नाही. मालिकेत माणसं निदान आपटायची. पाब्लो एस्कोबारवरचा व्हिन्सचा सिनेमा कान महोत्सवात तोंडावर पडला आणि त्याला काम मिळेनासं झालं, हे मालिकेनेच दाखवलं होतं.

सिनेमात व्हिन्स 'हाइड' दिग्दर्शित करतो. दहा कोटी डॉलर पुरत नाहीत. स्टुडिओप्रमुख झालेला ॲरी टेक्सासच्या पैसेवाल्याकडे हात पसरतो, तर तो आपल्या मुलाला, ट्रॅव्हिसला, पाठवतो. ट्रॅव्हिस म्हणतो, व्हिन्सच्या भावाला, ड्रामाला, सिनेमातून काढा. पुढे म्हणतो, व्हिन्सलाही काढा.

मित्राचं काम वाईट असेल तर ते त्याला कोण सांगणार? इतका चांगला प्रश्न हाती आलेला असताना डग एलिन पळ काढतो. ट्रॅव्हिसचं दुखणं म्हणे एका मुलीवरून! झालं, त्याचं मत बाद. 'हाइड' आपल्याला जेमतेम काही मिनिटं दिसतो (ती मिनिटं मला तरी भयंकर वाटली). तो भारी आहे, हे बाकीचे सांगतात म्हणून आपण मानायचं. शेवटी तो हिट, आणि ड्रामाला गोल्डन ग्लोब.

गेल्या वर्षी एका जवळच्या मित्राचा कोड मी नीट न वाचता पास केला. टीममधल्या एका खडूस माणसाने हरकत घेतली होती. 'याची त्याच्याशी खुन्नस आहे' म्हणून मी ती उडवून लावली. खुन्नस होतीच. हरकतही बरोबर होती. रात्री अडीच वाजता लोकांची पेमेंट्स अडकली, तेव्हा कळलं. मित्राला मी अजूनही स्पष्ट बोललेलो नाही.

म्हणून ट्रॅव्हिसवर हसणं मला आता जमत नाही. तो जळतो, मान्य. पण ड्रामाचे सीन खरंच वाईट होते का?