परत आलेला माल

‘ताई, तुम्ही काय आमच्याकडे नोकरीला आहात का?’

आमच्या जिन्यात उभं राहून एका माल देणाऱ्यानं शेजारच्या वहिनींना हे विचारलं. तेव्हापासून माझं दुसऱ्या कशात लक्ष नाही.

विरारच्या फुलपाड्यात राहणाऱ्याला घरी बसून करायचं हे काम समजावून सांगावं लागत नाही. पापडखिंड धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यानं दुपारी चालत जा. ओट्यावर, जिन्यात, उघड्या दारात बायका इमिटेशन दागिन्यांचा माल घेऊन बसलेल्या असतात. कानातल्यांना खडे चिकटवायचे, माळा ओवायच्या, साखळीला कड्या घालायच्या. भाव ग्रोसवर, म्हणजे बारा डझनांवर, ठरतो आणि तो ठरवतो माल देणारा. ट्यूबलाइटचं बिल, मानेचं दुखणं आणि गोंदाचा वास मात्र घरच्यांच्या वाट्याला. या वेळी वहिनींच्या जोड्यांतल्या बऱ्याच ‘खडा वाकडा बसलाय’ म्हणून परत आल्या. त्यांची मजुरी मिळाली नाहीच, वर खड्यांचे पैसे कापून घेतले. वहिनींनी हिशेब मागितला, तेव्हा तो वरचा प्रश्न आला. तुम्ही तुमच्या मर्जीनं, तुमच्या घरी काम करता, मग आमच्याकडे कसली दाद मागता, असा त्याचा अर्थ.

कायद्याचं एवढंच सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवर काम करणाऱ्यांची व्याख्या आली, त्यांच्यासाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यायची तरतूद आली. दुसऱ्यासाठी घरी बसून माल तयार करणाऱ्याची व्याख्या वेगळी आहे, स्वयंरोजगारवाल्याची वेगळी. म्हणजे वहिनी स्वतःचा धंदा करतात असं ही संहितासुद्धा म्हणत नाही. पण त्यांची गणना असंघटितांत, आणि असंघटितांच्या वाट्याला सरकार काढील त्या योजना. परत आलेल्या मालाचा जाब कुणाला विचारायचा, हे त्यातून सुटत नाही.

स्वतःचा धंदा कसा असतो ते वसईकरांना ठाऊक आहे. आमच्याकडच्या भाजीवाल्या, फुलवाल्या पहाटेच्या गाडीनं मुंबई गाठतात. भाव त्या सांगतात. एका गिऱ्हाइकाशी जमलं नाही तर दुसऱ्याला विकतात, उरलेला माल त्यांचाच असतो. वहिनींनी केलेली जोडी त्यांना विकता येत नाही, तिचा भाव ठरवता येत नाही, ती चांगली की वाईट हेही त्यांच्या हातात नाही. एवढं सगळं दुसऱ्याच्या हातात असताना त्यांना मालकीण म्हणायचं कशाच्या जोरावर?

हा वाद विडीवाल्यांनी फार पूर्वी लढला आहे. नागपूरच्या एका विडी कारखान्यात कामगार हव्या त्या वेळी येत, हव्या त्या वेळी जात, मजुरी नगावर. सर्वोच्च न्यायालयानं १९६१ साली त्यांना कामगारच ठरवलं. त्याच वर्षी सिन्नरच्या एका विडी कामगाराच्या बाबतीत मात्र बहुमत उलट गेलं, न्यायमूर्ती सुब्बाराव तेवढे वेगळ्या मताचे. पुढे १९६६चा विडी कायदा आला आणि घरी विड्या वळणारीही त्यात आली. कारखानदाराला न पटलेली विडी म्हणजे छाट. ही छाट आणि तिची मजुरी यावरून भांडण झालं, तर ते कुणीतरी अधिकाऱ्यानं मिटवायचं, हे त्या कायद्यातच लिहिलेलं होतं. (आता तोही कायदा त्या चार संहितांत गेला.) १९८५ साली भविष्य निर्वाह निधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की माल नाकारायचा अधिकार हेच पुरेसं नियंत्रण असू शकतं. विड्या घरी वळल्या होत्या, मध्ये ठेकेदार होता, तरी कारखानदाराची जबाबदारी सुटली नाही. ज्या नकारानं वहिनींची मजुरी गेली, तोच नकार त्या कामगार असल्याचा पुरावा आहे, असं मी या निकालावरून ठामपणे म्हणतो.

नुसत्या निकालानं चूल पेटत नाही हेही खरं. म्हणून सोलापूरकडे बघावं. तिथल्या घरी विड्या वळणाऱ्या बायका कामगार म्हणून नोंदल्या गेल्या, आणि त्या नोंदीच्या आधारावर कामगार नेते आडम मास्तरांच्या पुढाकारानं सोलापूरजवळ कुंभारीला दहा हजार घरं उभी राहिली. केंद्राचं अनुदान, राज्याचं अनुदान आणि बायकांनी साठवलेला पैसा. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरं त्यांना मिळाली. वसाहतीला नाव दिलं गोदूताई परुळेकरांचं. तलासरी-डहाणूच्या वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं करणाऱ्या त्याच गोदूताई. त्यांची कर्मभूमी आज आमच्या पालघर जिल्ह्यात आहे. त्यांच्या नावाची वस्ती सोलापुरात उभी राहते आणि त्यांच्याच जिल्ह्यात घरोघर राबणाऱ्या बायकांची नोंद कुठल्याच माल देणाऱ्याच्या वहीत नसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी हे सगळं वहिनींना सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या, हात चालू होते. मग म्हणाल्या, ‘भाऊ, मी बोलले तर तो पिशवी समोरच्या बिल्डिंगीत देईल. तिथल्या बायका कमी भावात करतील.’ सोलापूरच्या बायकांजवळ युनियन होती. फुलपाड्यात प्रत्येक जण आपल्या उंबऱ्याआड एकटी आहे आणि माल देणाऱ्याला ते नेमकं माहीत आहे. म्हणून पहिली मागणी त्याच्याबाबत हवी: घरोघर माल वाटणाऱ्यानं स्वतःचं नाव, ज्याच्यासाठी वाटतो त्या कारखान्याचं नाव आणि ग्रोसचा भाव कामगार खात्याकडे नोंदवावा, आणि दिलेल्या-परत केलेल्या मालाची चिठ्ठी बाईच्या हातात द्यावी. ती चिठ्ठी समोरच्या बिल्डिंगीतल्या बाईलाही मिळायला हवी.