विनोद, प्रश्नमंजूषा व थांबण्याची विद्या

दूरचित्रवाणीच्या बाबतींत आपल्या घरोघरीं एक ठराविक न्यायनिवाडा झालेला दिसतो. मुलगा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम पाहत बसला असेल, तर आई म्हणते, "पाहूं द्या, तेवढीच सामान्य ज्ञानांत भर पडेल." तोच मुलगा एखादी विनोदी मालिका पाहून हंसूं लागला, कीं वडिलांचा आवाज चढतो, "पुरे झाला तो पोरकटपणा. पुस्तक हातीं घे." एक कार्यक्रम विद्येचा व दुसरा वेळेच्या अपव्ययाचा, अशी ही वांटणी आहे. ती वरवर पाहतां रास्त वाटते. परंतु या दोन्ही प्रकारच्या कार्यक्रमांचा एक जुना प्रेक्षक या नात्यानें माझें मत निराळें आहे. तें या वार्षिकाच्या निमित्तानें विद्यार्थी व पालक यांजपुढें मांडावें, असा विचार आहे.

प्रश्नमंजूषेंत ज्ञानाची परीक्षा होते, हें खरें. पण ती तेवढीच नव्हे. तेथें स्पर्धकाला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. उत्तर ठाऊक असणें ही पहिली. तें आपल्याला कितपत ठाऊक आहे, हें प्रामाणिकपणें ओळखणें ही दुसरी. आणि त्या ओळखीच्या आधारावर किती धोका पत्करावा, हें ठरविणें ही तिसरी. पहिली पायरी वाचनानें व पाठांतरानें चढतां येते. दुसरी व तिसरी या मात्र स्वभावाच्या प्रांतांतील आहेत, आणि कित्येक बहुश्रुत माणसें तेथेंच घसरतात. याचें सर्वांत चांगलें उदाहरण मला कोठें आढळलें म्हणाल, तर एका विनोदी मालिकेंत!

अमेरिकेंत 'जेपर्डी' नांवाची प्रश्नमंजूषा १९६४ सालीं सुरू झाली. तींत तीन स्पर्धक असतात. फळ्यावर विषयवार प्रश्न मांडलेले असून प्रत्येकाची किंमत ठरलेली असते. उत्तर बरोबर आलें तर तितकी रक्कम जमा होते. चुकलें तर तितकीच वजा होते. सरतेशेवटीं एक अंतिम प्रश्न येतो. त्याचा केवळ विषय अगोदर सांगतात, आणि आपल्या जमेपैकीं किती रक्कम पणास लावावयाची, हें प्रत्येकानें प्रश्न पाहण्यापूर्वींच लिहून द्यावयाचें असतें.

आतां 'चिअर्स' ही मालिका पाहा. ती १९८२ पासून १९९३ पर्यंत चालली. बोस्टन शहरांतील एका मद्यगृहांत नित्य जमणाऱ्या मंडळींची ती कथा आहे. स्थळ कांहीं अनुकरणीय नव्हे. पण माणसें मात्र आपल्या गल्लींत भेटावीं तशीं ओळखीचीं आहेत. त्यांपैकीं क्लिफ क्लेव्हिन हा टपालवाला. जगांतील यच्चयावत् विषयांवर आपला अधिकार आहे, अशी त्याची बालंबाल खात्री. ऐकणाऱ्यांची तशी खात्री नसते, इतकेंच. १९९० सालच्या एका भागांत हा गृहस्थ 'जेपर्डी'त जातो, आणि दैव असें अनुकूल, कीं फळ्यावर नेमके त्याच्याच आवडीचे विषय येतात: सरकारी नोकर, देशोदेशींचीं टपालतिकिटें, माता व पुत्र इत्यादि. तो २२,००० डॉलर मिळवितो आणि इतर दोघे त्याच्या अर्ध्यावरहि नसतात. म्हणजे त्यांनीं आपली सारी पुंजी लावून ती दुप्पट केली, तरी ते त्याला गांठूं शकत नाहींत. त्यानें कांहींहि न लावतां नुसतें उभें राहावें, एवढेंच काय तें उरलें होतें. पण क्लिफ सर्वच्या सर्व रक्कम पणास लावतो. प्रश्न येतो तो तीन चित्रपट-नटांच्या मूळ नांवांचा. त्याला तीं ठाऊक नसतात. तेव्हां तो काय उत्तर देतो? कीं हीं तीन माणसें माझ्या स्वयंपाकघरांत कधीं आलेलीं नाहींत! उत्तर खोटें नाहीं. परंतु परीक्षकांस मान्य होत नाहीं, आणि क्लिफची जमा शून्यावर येते.

प्रेक्षक हंसतात. आपणहि हंसतों. पण या हंसण्याच्या पोटांत एक पक्का धडा आहे: जेथें मिळवावयाचें कांहीं शिल्लक नाहीं आणि गमवावयाचें सर्व आहे, तेथें धाडस करणें याला शौर्य म्हणत नाहींत. हा धडा गणिताच्या तासाला फळ्यावर लिहिला असता, तर वर्गांतील निम्मीं मुलें तो संध्याकाळपर्यंत विसरलीं असतीं. क्लिफच्या मुखानें ऐकलेला मात्र विसरत नाहींत. उत्तम विनोदाचें कार्य हेंच आहे. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ मुंबई दूरदर्शनवर अवतरले, तेव्हां दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांना पाहून महाराष्ट्र हंसला तो परक्या माणसांस नव्हे. प्रत्येकाला आपल्या घरांतील चिमणराव दिसला, आणि कोणा कोणाला तो आरशांतहि दिसला असेल.

अर्थात् सर्वच विनोद या तोलाचा नसतो. पुष्कळ मालिकांत प्रेक्षकांनीं कोठें हंसावें, हेंहि मालिकाच ठरवून देते. चार्ल्स डग्लस नांवाच्या एका अमेरिकन ध्वनितज्ज्ञानें १९५० च्या दशकांत ध्वनिमुद्रित हास्याचें यंत्र तयार केलें. कळ दाबली कीं खिदळणें, दुसरी दाबली कीं गडगडाट! तेव्हांपासून फुसक्या कोटीलाहि हशा पिकवितां येऊं लागला. उलट 'मॅश' ही १९७२ ते १९८३ या काळांतील युद्धभूमीवरील रुग्णालयाची मालिका पाहावी. तिच्या निर्मात्यांना हें उसनें हास्य नकोसें होतें. तें सर्वस्वीं टाळण्याची मुभा वाहिनीनें दिली नाहीं. परंतु शस्त्रक्रियागृहांतील प्रसंगांत तें वाजवावयाचें नाहीं, एवढें त्यांनीं मान्य करून घेतलें. जेथें माणूस मरणाच्या दारीं आहे, तेथें हंसणें शोभत नाहीं, हा विवेक एका विनोदी मालिकेनें राखला. मुलांनीं एवढी कसोटी लक्षांत ठेवावी: हा हशा काढून टाकला, तर मला हंसूं येईल काय? नाहीं असें उत्तर आलें, तर खुशाल उठून जावें.

पुन्हा प्रश्नमंजूषेकडे वळूं. क्लिफ हा कल्पित मनुष्य. आतां एक खरा पाहूं. २०१९ सालीं जेम्स होल्झहावर यानें 'जेपर्डी'चे सलग ३२ खेळ जिंकून २४,६२,२१६ डॉलर मिळविले. हा धंद्यानें खेळांवर पैजा लावणारा. तो धंदा कोणाहि विद्यार्थ्यानें आदर्श मानूं नये, हें येथेंच सांगून टाकतों. परंतु त्याच्या पद्धतींत शिकण्यासारखें पुष्कळ आहे. इतर स्पर्धक सोप्या व स्वस्त प्रश्नांपासून आरंभ करीत; हा सर्वांत महाग प्रश्न आधीं घेई, जेणेंकरून हाताशीं लवकर पुंजी जमावी. मग, ज्या गुप्त प्रश्नावर हवी तितकी रक्कम लावतां येते तो सांपडला, म्हणजे तो ती पुंजी मोठ्या प्रमाणावर लावी. आणि त्याची तयारी कशी होती? ग्रंथालयांत जाऊन तो लहान मुलांचीं सचित्र पुस्तकें वाचीत असे! अनोळखी विषय सोप्या शब्दांत तेथेंच समजतो, असें त्याचें म्हणणें. जाडजूड ग्रंथ हातीं घेऊन पहिल्या दहा पानांतच थकणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत धरावें.

त्याचा खरा संयम दिसला तो त्याच्या ३३ व्या खेळांत, म्हणजे ज्यांत तो हरला त्यांत. अंतिम प्रश्नापूर्वीं एमा बेट्चर या ग्रंथपाल स्त्रीची जमा २६,६०० डॉलर होती, होल्झहावरची २३,४००, आणि तिसऱ्या स्पर्धकाची ११,०००. एवढा धाडसी खेळाडू. पण त्यानें लावले केवळ १,३९९! लोकांना वाटलें, हा मुद्दाम हरला. परंतु हिशेब करून पाहा. बेट्चरबाई त्याच्या दुपटीहून एक डॉलर अधिक होईल इतकी रक्कम लावणार, हें उघड होतें. तिचें उत्तर बरोबर आलें तर याचा कांहींच उपाय नव्हता. ती चुकली तर मात्र ती खालीं येणार, आणि मग प्रश्न उरे तिसऱ्याचा. त्या तिसऱ्याचे ११,००० दुप्पट झाले तर २२,०००; आणि २३,४०० मधून १,३९९ गेले तरी उरतात २२,००१. म्हणजे स्वतःचें उत्तर चुकलें तरी एका डॉलरनें पुढें! एमा बेट्चर चुकली नाहीं. २०,२०१ डॉलर लावून तिनें ४६,८०१ वर खेळ जिंकला. उत्तम निर्णय घेऊनहि माणूस हरूं शकतो, आणि हरला म्हणून निर्णय वाईट ठरत नाहीं. परीक्षेचा निकाल हातीं घेऊन मुलावर रागावणाऱ्या पालकांनीं हें वाक्य पुन्हा एकदां वाचावें, अशी माझी विनंती आहे.

आतां आपल्या प्रांतांतील एक उदाहरण घेऊं. 'कौन बनेगा करोडपति' हा खेळ २००० सालीं सुरू झाला आणि त्याच वर्षीं मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे यांनीं १ कोटी रुपये जिंकले. पुढें २०१९ सालीं अमरावती जिल्ह्यांतील बबिता ताडे यांनीं १ कोटी जिंकले. शाळेंतील मुलांसाठीं खिचडी शिजविणारी ही माउली. तिच्यापुढें ७ कोटींचा प्रश्न आला. चुकल्यास ३,२०,००० रुपयांवर घसरावें लागणार होतें; थांबल्यास १ कोटी हातीं होता. ती थांबली.

येथें गणिताचा एखादा हुशार विद्यार्थी आक्षेप घेईल. चार पर्यायांपैकीं डोळे मिटून एक निवडला, तरी चारांत एक वेळ ७ कोटी व तीन वेळां ३,२०,००० मिळणार. सरासरी काढली तर १ कोटी ७७ लक्ष ४० हजार येते. ती १ कोटीहून अधिक आहे. मग खेळावयास नको होतें काय? बाळांनो, हिशेब बरोबर आहे, पण तो लागूं कोणाला, हें पाहा. सरासरी ही पुष्कळ वेळां खेळणाराची मैत्रीण आहे. होल्झहावर रोज खेळत होता. आजचें नुकसान उद्यां भरून निघण्याचा त्याला संभव होता. ताडेबाईंना तो डाव जन्मांत एकदांच मिळावयाचा होता, आणि चारांपैकीं तीन वेळां त्यांच्या हातून जवळजवळ सर्व निसटलें असतें. ज्या घरांत १ कोटीनें सारें आयुष्य बदलतें, त्या घरांत तो राखणें हेंच शहाणपण. क्लिफला जें कळलें नाहीं, तें या बाईंना कळलें.

हाच विचार तुमच्या परीक्षांनाहि लागूं पडतो. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेंत बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात व चुकल्यास १ गुण वजा होतो. चार पर्यायांतून आंधळेपणानें उत्तर दिलें, तर सरासरीनें पाव गुण पदरांत पडतो. एक पर्याय निश्चित चूक आहे असें ओळखतां आलें, तर तोच लाभ दोन-तृतीयांश गुणांवर जातो. तेथें प्रश्न १८० असल्यामुळें सरासरीला थोडाफार अर्थ आहे. राज्याच्या 'सीईटी'मध्यें चुकीबद्दल गुण कापीत नाहींत. तेथें एकहि प्रश्न कोरा सोडणें वेडेपणाचें आहे. परंतु अभ्यासानें आलेल्या उत्तराला पुरे ४ गुण आहेत, हें विसरूं नका. युक्ति ही विद्येची दासी आहे; ती धनीण होऊं लागली कीं समजावें, घर बुडालें.

तें कसें बुडतें, याचाहि दाखला प्रश्नमंजूषांच्याच इतिहासांत आहे. १९५६-५७ च्या सुमारास अमेरिकेंत 'ट्वेंटी-वन' या कार्यक्रमांत चार्ल्स व्हॅन डोरेन नांवाचा कोलंबिया विद्यापीठांतील तरुण अध्यापक १,२९,००० डॉलर जिंकून घरोघरीं पूज्य झाला. पण त्याला उत्तरें अगोदरच पढविलेलीं होतीं, आणि हर्बर्ट स्टेंपेल या प्रतिस्पर्ध्याला हरावयास सांगितलें होतें. १९५९ सालीं व्हॅन डोरेननें कायदेमंडळाच्या समितीपुढें सर्व कबूल केलें. त्याची नोकरी गेली, आणि १९६० सालीं अशी लबाडी गुन्हा ठरविणारा कायदा झाला. तो खरोखरीच विद्वान् होता, ही यांतली शोकाची गोष्ट. प्रामाणिकपणें खेळून तो कदाचित् हरला असता. पण आपलें नांव त्यानें गमावलें नसतें. परीक्षेच्या आदल्या रात्रीं प्रश्नपत्रिका मिळविण्याच्या खटपटींत असलेल्यांनीं, व त्यांस पैसे पुरविणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं, हा इतिहास अवश्य पाहावा.

पालकांस माझी सूचना थोडी आहे. कार्यक्रम बंद करूं नका, आणि मुलाला त्याच्या हवालीं करूनहि जाऊं नका, शेजारीं बसा. प्रश्नमंजूषा चालू असतां मुलाच्या हातीं कागद द्या. त्यानें उत्तर लिहावें व शेजारीं एक आंकडा लिहावा: दहापैकीं माझी खात्री किती? दहा लिहून उत्तरें वरचेवर चुकत असतील, तर मुलाला धड्यापेक्षां विनयाची गरज अधिक आहे. तीन लिहून बरोबर येत असतील, तर त्याला धीर द्यावयास हवा. ही गोष्ट कोणत्याहि प्रगतिपुस्तकांत लिहिलेली नसते. आणि विनोदी मालिका पाहून मूल हंसलें, तर त्याला रागें न भरतां विचारा, "कां रे हंसलास? असें कोणी आपल्याकडे आहे काय?" त्यानें तुमच्याकडेच बोट दाखविलें, तर तेवढें हंसून सोसण्याची तयारी मात्र ठेवा.