मिठागरांतील सूक्ष्मजीवांचीही नोंद व्हावी

भाईंदर पूर्वेकडील खारी गावाच्या आसमंतातील मिठागरांचा विचार आपल्याकडे होतो तो बहुधा जमिनीची मोजणी, मालकीहक्क आणि बांधकामाची परवानगी एवढ्याच अंगांनी. परंतु भर उन्हाळ्यात पाणी आटून क्षार तीव्र झाला म्हणजे मिठाच्या वाफ्यांवर जी गुलाबी-तांबूस छटा चढते, ती निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवांची दखल घेण्याची रीत अद्याप पडलेली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

जून 2020 मध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाले, तेव्हा नाना तर्कांना ऊत आला. अखेर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याची परीक्षा करून हा रंग ‘हॅलोआर्किया’ या, जीवाणूंसारख्या दिसणाऱ्या परंतु कुळाने भिन्न असलेल्या, क्षारप्रिय जीवांचा असल्याचे दाखवून दिले. असे जीव भरपूर मीठ घातलेल्या पोषक द्रावणात वाढवून त्यांचा लाल गाळ तळाशी बसवला आणि त्यावर साधे पाणी ओतले, तर केवळ क्षाराच्या आधारावर तगलेल्या त्या पेशी तत्काळ फुटतात. मिथेनॉल ओतले की रंग त्यात उतरतो. तो द्राव वर्णपटमापकात ठेवून त्यातून प्रकाश सोडला असता सुमारे 470, 495 आणि 530 नॅनोमीटरपाशी शोषणाची शिखरे उमटतात, आणि ते द्रव्य ‘बॅक्टेरिओरुबेरिन’च्या जातीचे असल्याचा पहिला दाखला हाती येतो.

पहिला, अखेरचा नव्हे. उदाहरणार्थ, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या सुमारास मातीतल्या स्ट्रेप्टोमायसेस जीवाणूपासून ‘हॅमायसिन’ हे बुरशीनाशक औषध मिळवले, आणि त्या जीवाणूच्या नावात पिंपरीचे नाव कायमचे गुंफले गेले. हॅमायसिनच्या वर्णपटात 360 ते 410 नॅनोमीटरच्या दरम्यान तीन शिखरे दिसतात. त्यांवरून रेणूत सात द्विबंधांची साखळी आहे हे कळते, पण तशीच साखळी अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या दुसऱ्या औषधातही असते. वर्णपट कूळ सांगतो, व्यक्ती सांगत नाही; व्यक्ती ओळखण्यास रेणूचे वस्तुमान आणि चुंबकीय अनुनादाचा वर्णपट यांची साक्ष लागते. म्हणूनच एका आलेखाच्या बळावर नवे औषध सापडल्याची घोषणा करणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये, आणि ज्याचे मूळ संवर्धन कोठेही जपून ठेवलेले नाही असा शोध पुरता झाला असे मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जैवविविधता कायदा 2002 सालचा; जैविक संसाधनांच्या त्याच्या व्याख्येत वनस्पती आणि प्राणी यांच्या जोडीला सूक्ष्मजीवांचाही निर्देश आहे, आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपापल्या हद्दीतील जैवविविधतेची नोंदवही तयार करावयाची आहे. तेव्हा मीरा-भाईंदर महानगरपालिकेने या नोंदवहीत मिठागरांतील सूक्ष्मजीवांसाठी स्वतंत्र प्रकरण उघडावे, मीठ आयुक्तांच्या कार्यालयाने नमुने घेण्यास मुभा द्यावी, परिसरातील महाविद्यालयांनी आपल्या वर्णपटमापकांवर प्राथमिक परीक्षा करावी, आणि वेगळी केलेली संवर्धने वर्णपटांसह पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहाकडे सुपूर्द करावीत. पाऊस पडला की वाफ्यांतील क्षार धुऊन जातो आणि भराव पडला की वाफेच राहत नाहीत. यास्तव नमुने घेण्याचे काम येत्या उन्हाळ्यातच, मृगापूर्वी, हाती घ्यावे, अशी संबंधितांस कळकळीची विनंती आहे.