क्रकचव्यवहार आणि पडवींतील आरा

लांकूड चिरण्याच्या क्रियेची आपल्या गणितज्ञांनींही उपेक्षा केलेली नाहीं. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें रचिलेल्या ‘लीलावती’त ‘क्रकचव्यवहार’ असें एक स्वतंत्र प्रकरणच आहे. क्रकच म्हणजे करवत. एका टोकास १६ व दुसऱ्या टोकास २० अंगुळें जाड आणि १०० अंगुळें लांब असें लांकूड चार ठिकाणीं चिरलें, तर चिराईचें क्षेत्र किती हात, असा त्यांतील एक प्रश्न आहे. सरासरी जाडी १८. तिला १०० नीं व पुढें ४ नीं गुणून ५७६ नीं भागिलें कीं साडेबारा हात हें उत्तर येतें. हें उदाहरण मीं वर्गांत अनेक वेळां सोडवून दाखविलें. परंतु स्वतः लांकूड चिरण्याचा प्रसंग आला तो सेवानिवृत्तीनंतरच.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे सागाची वाण नाहीं. २९ मार्च २०२३ रोजीं अयोध्येच्या मंदिराच्या दरवाजांसाठीं साग गेला तो बल्लारपूरहूनच. आमचा वडिलोपार्जित देव्हाराही सागवानी. तथापि सागाचा गाभा टणक असला तरी वरचें पांढरें लांकूड वाळवीस वर्ज्य नसतें, आणि देव्हाऱ्याच्या कमानींत तेंच वापरलेलें होतें. कमान नवी करावयाची, म्हणून चिरंजीवांनीं मेजावर ठेवण्याजोगा लहान बँडसॉ घेण्याचें मनावर घेतलें. इकडे त्यास आराच म्हणतात.

दोन चाकांवरून फिरणारा दातेरी पोलादी अखंड पट्टा, एवढेंच याचें स्वरूप. ही युक्ति इंग्लंडांत विल्यम न्यूबेरी यांनीं १८०९ च्या सुमारास पुढें आणिली. पण पट्ट्याचा सांधा टिकत नसे. १८४६ मध्यें फ्रान्समधील क्रेपँ नांवाच्या बाईंनीं सांधा जोडण्याची चांगली रीत काढली, आणि मग यंत्र व्यवहारांत रुळलें. त्याचा काप जेमतेम मिलिमीटरभर असल्यानें लांकूड वांयां जात नाहीं, जागा थोडी लागते आणि वळणाचें काम होतें. मात्र वळण पात्याच्या रुंदीवर अवलंबून असतें. ६ मिलिमीटरचें पातें सुमारें १६ मिलिमीटर त्रिज्येंत वळतें. १२ मिलिमीटरच्या पात्यास सुमारें ६५ मिलिमीटर लागतात. रुंद पातें बळेंच वळवूं गेल्यास तें पिळतें व तुटतें.

या यंत्राचे दाते खालच्या दिशेनें चालतात. त्यामुळें लांकूड मेजावर दाबलें जातें, चकती-करवतीप्रमाणें अंगावर उसळून येत नाहीं. हें वाचून मी निर्धास्त झालों, आणि तेथेंच चुकलों. एके दुपारीं खुंटीसाठीं गोल फांदी हातानें धरून मीं पात्यास लाविली. गोल लांकडाखालीं आधार नसतो. दात्यांनीं ती क्षणांत गरकन् फिरविली आणि तिच्याबरोबर माझें बोटही ओढलें. दोन टांके पडले. मी शुद्धींत होतों. घाबरला तो दाराशीं उभा असलेला माझा सात वर्षांचा नातू. त्या रात्रीं सूनबाई एवढेंच म्हणाल्या, “मामंजी, उद्यां त्याचा हात असता तर?” यावर मजजवळ उत्तर नव्हतें.

यंत्र विकावें कीं ठेवावें, यावर घरांत आठ दिवस विचार झाला. ठेवावयाचें ठरलें, पण नियमांनीं बांधून. गोल लांकूड खांचेच्या पाटाच्या आधारावांचून चिरूं नये. पात्यावरील आच्छादन लांकडापासून ५-६ मिलिमीटरवरच असावें. शेवटचा भाग बोटांनीं न ढकलतां काठीनें ढकलावा. सैल बाह्या, उपरणें, अंगठी वर्ज्य. पातें बदलतांना वीज तोडावी. काम संपल्यावर त्याचा ताण सैल करावा. मुख्य म्हणजे खोलीस कुलूप व किल्ली सूनबाईंपाशीं. भुसाही उपेक्षणीय नव्हे. सागाची धूळ कित्येकांच्या त्वचेस खाज आणते, आणि लांकडाच्या धुळीस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें कर्करोगकारक पदार्थांत गणिलें आहे. म्हणून नाकातोंडावर मुखपट्टी हवी, आणि पडवीचें दार माजघराच्या बाजूनें बंद हवें.

आणखी एक गोष्ट आमच्या जिल्ह्यांपुरती विशेष महत्त्वाची आहे. सर्वोच्च न्यायालयानें १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानें वनांतील आरागिरण्या पूर्वपरवानगीवांचून चालविण्यास मनाई केली, आणि आरायंत्रांवर वनविभागाची नजर असते. आपलें यंत्र लहान, म्हणून नियम लागूं नाहीं, असें आपणच ठरवूं नये. आम्हीं वनपरिक्षेत्र कार्यालयास आधीं लेखी विचारिलें, आणि उत्तर हातीं आल्यावरच यंत्र घरांत आणिलें. लांकडाच्या खरेदीची पावती व वाहतुकीचा परवाना जपून ठेविला आहे. शेजारी ओंडके घेऊन येतात, त्यांस नम्रपणें नकार देतों. घरची दुरुस्ती निराळी आणि लोकांचें लांकूड चिरून देणें निराळें.

कमान पुरी झाली. वळण डावीकडे किंचित् अधिक उतरलें आहे. पूजेस बसलें कीं तें रोज दिसतें. नातू आतां ‘क्रकचव्यवहारा’चें उदाहरण पाटीवर सोडवितो आणि उत्तर आलें कीं माझ्या बोटावरील व्रण पाहतो. गणितांत नसलेली ती एक अट त्याच्या ध्यानांत राहील, अशी मला आशा आहे.