डॉक्टरचा सहाय्यक की परिचारिका? फी भरण्याआधी कायदा वाचा

बारावी सायन्सचा निकाल लागतो. नीटमध्ये मार्क कमी पडतात, एमबीबीएस हुकते आणि खासगी कॉलेजची फी ऐकून बाप गप्प बसतो. जळगाव-धुळे जिल्ह्यांतल्या कितीतरी बौद्ध व बहुजन घरांत दरवर्षी हेच घडते. मग कोणी सांगतो, मुलाला फिजिशियन असिस्टंट करा, डॉक्टरच्या बरोबरीने काम करील. दुसरा म्हणतो, नर्सिंगला घाला, पुढे नर्स प्रॅक्टिशनर होता येते. दोन्ही नावे वजनदार. पण फरक काय, हे फी भरेपर्यंत कोणी सांगत नाही.

ही दोन्ही पदे अमेरिकेत एकाच वर्षी, १९६५ साली जन्माला आली. भारतात फिजिशियन असिस्टंटचे शिक्षण १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यचिकित्सक डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केले. बारावीनंतर इंटर्नशिपसह साधारण चार वर्षांची ही पदवी आहे. नर्स प्रॅक्टिशनरची वाट वेगळी आहे. आधी चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग, मग किमान एक वर्षाचा, शक्यतो अतिदक्षता विभागातला, अनुभव आणि त्यानंतर भारतीय परिचर्या परिषदेचा दोन वर्षांचा क्रिटिकल केअर निवासी अभ्यासक्रम. म्हणजे एक वाट जवळची, दुसरी लांबची.

जवळची वाट बरी, असे वाटणे साहजिक आहे. पण कायदा काय म्हणतो? 'फिजिशियन असोसिएट' या नावाने या व्यवसायाला २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्याच्या अनुसूचीत स्थान मिळाले. ही चांगली गोष्ट झाली. मात्र या पदवीने कोणी डॉक्टर होत नाही. काम डॉक्टरच्या देखरेखीखालीच करावे लागते. गावी येऊन स्वतंत्र दवाखान्याची पाटी लावली, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नर्स प्रॅक्टिशनरलाही स्वतंत्र दवाखान्याचा परवाना नाही. तिचे अधिकार रुग्णालयाने ठरवून दिलेल्या चौकटीतले आहेत.

आसामचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. तिथल्या सरकारने २००४ चा कायदा करून ग्रामीण आरोग्याची पदविका काढली. मुले शिकली, कामाला लागली. २०१४ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. २०१५ च्या दुसऱ्या कायद्याने त्या मुलांना मर्यादित काम मिळाले, एवढेच. विधानसभेने कायदा करून दिलेल्या पदविकेची ही गत झाली. मग नुसत्या माहितीपत्रकावर काढलेल्या अभ्यासक्रमाचे काय होईल?

आता पोटापाण्याचे बोलू. परिचारिकेचे पद शासकीय रुग्णालयांत मंजूर आहे, त्याची भरती निघते आणि त्या भरतीत आरक्षण आहे. फिजिशियन असिस्टंटला काम मिळते ते बहुतांशी मोठ्या शहरांतल्या खासगी रुग्णालयांत, आणि तिथे आरक्षण नाही. परदेशाचे म्हणाल तर भारतातली नर्सिंग पदवी घेऊन अमेरिकेतली नर्सची परीक्षा देता येते. फिजिशियन असिस्टंटला मात्र तिथला मान्यताप्राप्त अभ्यासक्रम नव्याने करावा लागतो.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. ज्या घराला एकदाच पैसा उभा करता येतो, त्या घरातल्या मुलीने आणि मुलानेही आधी नर्सिंग करावे. चार वर्षे परवडत नसतील तर तीन वर्षांचे जीएनएम करून पुढे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. या वाटेवर कुठेही थांबावे लागले, तरी हातात परिषदेची नोंदणी असते. शस्त्रक्रियागृहातल्या कामाची ज्याला खरी ओढ आहे, शहरात राहण्याची ज्याची तयारी आहे, त्याने फिजिशियन असिस्टंट जरूर व्हावे; पण मान्यता तपासून. नर्सिंग म्हणजे हलके काम, असे काही घरांत अजून बोलले जाते. कोणते काम उच्च आणि कोणते नीच ही उतरंड कोणी रचली, हे आपल्या समाजाला सांगायला नको.

प्रवेशापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. संस्थेकडून विद्यापीठाच्या संलग्नतेचे आणि परिषदेच्या मान्यतेचे चालू वर्षाचे पत्र मागावे. ते दाखवत नसतील तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज थेट विद्यापीठाकडे टाकावा. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे. तिसरे, प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतूनच घ्यावा. व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर भारत सरकारची शिष्यवृत्ती हातची जाते. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, तिचा अर्ज वेळेत भरावा.

गावोगावच्या विहारांत, वाचनालयांत निकालाच्या आठवड्यात शिकल्यासवरल्या कार्यकर्त्यांनी एक टेबल मांडून बसावे आणि ही कागदपत्रे पालकांना तपासून द्यावीत. फसल्यावर वकिलाकडे येण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त पडेल.