वसतिगृहाची खिडकी : माप काचेचे की वाऱ्याचे?

विद्यार्थी-वसतिगृहांच्या खिडक्यांविषयी संस्थाचालक व कंत्राटदार यांच्यात आज जे मत रूढ आहे, त्याला तीन आधार दिले जातात : सरकती ॲल्युमिनियमची खिडकी स्वस्त पडते व तिचे पल्ले वाऱ्याने आपटत नाहीत, हवा कमी आली तरी पंखा ती उणीव भरून काढतो, आणि पक्के गज बसवले की सुरक्षिततेचा प्रश्न मिटतो. तपासून पाहता यांपैकी पहिला आधार अपुरा, दुसरा चुकीचा आणि तिसरा अर्धसत्य ठरतो.

राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार खोलीच्या खिडक्यांचे एकूण क्षेत्र उष्ण-कोरड्या हवामानात जमिनीच्या क्षेत्राच्या किमान एक दशांश, तर उष्ण-दमट हवामानात एक षष्ठांश असावे लागते. म्हणजे कोकणातील १० चौरस मीटरच्या खोलीला सुमारे १.६७ चौरस मीटर खिडकी हवी. तथापि दोन रुळांच्या सरकत्या खिडकीत एक पल्ला नेहमी दुसऱ्यामागे जाऊन बसत असल्याने तिचे जेमतेम अर्धे क्षेत्रच उघडते, आणि त्यामुळे नकाशावर नियम पाळला गेला तरी खोलीत वारा निम्माच येतो. खरेदीत वाचलेला पैसा हा अशा रीतीने त्या खोलीत वर्षानुवर्षे राहणाऱ्यांच्या श्वासातून वसूल केलेला असतो.

पंख्याचा युक्तिवाद तर मुळातच टिकत नाही, कारण पंखा आतलीच हवा फिरवतो, ती बदलत नाही. बंद खोलीतील उच्छ्वासाचा कार्बन डायऑक्साइड हा हवा शिळी झाल्याचा निदर्शक मानून त्याची मर्यादा ०.१ टक्के असावी, असे जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच सुचवले होते. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात, म्हणून दाटीने झोपणाऱ्या तरुणांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. पेरूची राजधानी लिमा येथील रुग्णालयांच्या २००७ मधील अभ्यासात दारे-खिडक्या उघडताच खोलीतील हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत असल्याचे आढळले, तर यांत्रिक वायुवीजनाच्या खोल्यांत हे प्रमाण १२ धरले होते. खिडकीला पर्याय शोधण्याची टोकाची कल्पना अमेरिकेत सांता बार्बरा येथील विद्यापीठात पुढे आली : सुमारे साडेचार हजार विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात बहुतेक शयनखोल्यांना कृत्रिम प्रकाशाच्या खिडक्या देण्याचा चार्ली मंगर या देणगीदाराचा आराखडा होता. त्याच्या निषेधार्थ आराखडा-समितीवरील वास्तुविशारद डेनिस मॅकफॅडन यांनी २०२१ मध्ये राजीनामा दिला, आणि २०२३ मध्ये विद्यापीठाने ती योजना सोडली.

गजांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. चोरीपासून आणि खिडकीतून खाली पडण्यापासून ते रक्षण करतात. परंतु जिन्यात धूर भरला असता न उघडणारे गज सुटकेचा शेवटचा मार्गही बंद करतात, म्हणून गजांचा निदान एक भाग बिजागरीवर असावा आणि त्याची कडी आतून, किल्लीविना उघडावी.

यावरून योग्य खिडकीचे स्वरूप निश्चित होते. तिचे पल्ले बिजागरीवर पूर्ण उघडणारे असावेत आणि वाऱ्यात ते आपटू नयेत म्हणून त्यांना हव्या त्या कोनात धरून ठेवणारी घर्षण-पट्टी असावी. वरच्या भागात, पावसाच्या झडीतही उघडी ठेवता येईल अशी, वरून टांगलेली व बाहेर कलणारी झडप असावी, डासांची जाळी काढून धुता यावी आणि माथ्यावर पुरेसा छज्जा असावा. बसवताना तळपट्टीला बाहेरच्या बाजूस उतार आणि तिच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच द्यावी. यूपीव्हीसी म्हणजे कडक प्लॅस्टिकची चौकट उन्हाने भिंतीपेक्षा अधिक प्रसरण पावते, म्हणून तिच्याभोवती थोडी फट सोडून ती सिमेंटने न भरता लवचीक सीलंटने भरावी. यांत हयगय झाली की उत्तम खिडकीही पहिल्याच पावसाळ्यात गळते आणि दोष मात्र खिडकीच्या प्रकारावर ढकलला जातो.

वसतिगृहात राहणारा विद्यार्थी आपली खिडकी निवडत नाही. ती निवडणाऱ्याला तिच्याआड झोपावे लागत नाही. म्हणूनच प्रत्येक निविदेत काचेच्या मापाशेजारी प्रत्यक्ष उघडणाऱ्या क्षेत्राचे माप लिहिणे संस्थांनी बंधनकारक करावे आणि ते पूर्ण न करणारी खिडकी, कितीही स्वस्त असली तरी, नाकारावी.